काकूंनी कोहळं कधीच कापलं नाही

बातमी मला शेगावच्या स्टेशनावर कळली. सासूबाईंना दर्शनाला घेऊन गेले होते, परतीच्या गाडीला वेळ होता, आणि बाकावर शेजारी जानेफळचे रामभाऊ शिंपी येऊन बसले. मी जानेफळच्या शाळेत शिकवत असताना माझी पोलकी तेच शिवत. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग पावसाची, आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "गिरजाकाकू गेल्या ना बाई. तुमाले नाही कळलं? महिना होत आला." माझ्याकडे पाहून त्यांना वाटलं असावं की माझं सांत्वन केलं पाहिजे. म्हणाले, "पण तेरवी लय मोठी झाली हो. दिरानं सारं गाव जेवू घातलं. मंडप टाकला होता. भाषण केलं. भाषण करता करता रडले सुद्धा..." खरं सांगते, मला त्या क्षणी रडू आलं नाही. आधी किळस आली. रडू गाडीत बसल्यावर आलं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना सगळ्यांबद्दल गोड लिहायचं असतं, अशी पेपरच्या या पुरवणीची रीत मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाबद्दल मी गोडच लिहीन, जेवढं त्यांना चाललं असतं तेवढं. मागे राहिलेल्यांबद्दल मात्र मला ते जमणार नाही. काकूंच्या दिरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना पेपरात नाव आलेलं फार आवडतं.

महाराष्ट्र राज्य होऊन एखाद-दोन वर्षं झाली होती तेव्हा मी जानेफळला नोकरीवर आले. माझं माहेर उंद्रीचं. वडील शेती करत आणि आई अंगठा उठवी. आमच्या घराण्यात पदवी घेतलेलं माझ्याआधी कोणी नाही, मुलगा नाही आणि मुलगीही नाही. मी शिकले ते चिखलीच्या शाळेतल्या शिक्षकांच्या जिवावर आणि वडिलांनी भाऊबंदांची बोलणी निमूट ऐकून घेतली म्हणून. त्या सगळ्यांचे उपकार मी विसरलेले नाही. तर अशी मी, हातात ट्रंक घेऊन जानेफळात घर शोधत हिंडत होते आणि मला कोणी खोली देत नव्हतं. ज्यांच्या मुलींना मी शिकवायला आले होते तेच लोक मला दारातून परत पाठवत होते. एकाने सांगितलं, सोबत आई आणा. दुसऱ्याने सांगितलं, लग्न करून या. तिसरे तर शाळेच्या कमिटीवर होते. स्त्रीशिक्षणावर बोलायला त्यांना फार आवडे. त्यांनी बायकोला पुढे केलं आणि आतून खोकत राहिले.

गिरजाकाकूंचं घर गल्लीच्या शेवटी होतं. पुढे दोन खोल्या, मागे मातीच्या भिंतीचं वाडगं. वाडगं म्हणजे घराला लागून असलेली कुंपणातली जागा, आमच्याकडे भाजीपाला तिथेच होतो. काकू वाडग्यात आळ्यांना राख घालत होत्या. मी माझी सगळी हकिकत सांगितली, बी.ए. झाल्याचंही सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"बी.ए. म्हंजे काय?"

"पदवी असते, काकू."

"पदवी हाय, मंग लोक घर काऊन देऊन नाही राह्यले?"

त्यांनी हात झटकले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोहळं खातं काय?" मी हो म्हटलं. "मंग राहा," त्या म्हणाल्या. "इथी दुसरं काही भेटत नाही." माझ्या आयुष्यात मला नंतर पुष्कळ ठिकाणी आदराने बोलावलं गेलं, पण इतकं सरळ कोणी बोलावलं नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही कोहळं म्हणतो ते म्हणजे तुमचा लाल भोपळा. पुण्याकडचे लोक ज्याला कोहळा म्हणतात तो पांढरा, राख फासल्यासारखा असतो, तो वेगळा. काकूंच्या वाडग्यात दोडके होते, वाल होता, दुधीचा एक वेल छपरावर गेलेला होता, पण ते सगळे पाहुण्यासारखे. वाडगं कोहळ्याचं होतं. मृगात आळी करायची, शेणखत आणि चुलीची राख घालायची, वेल हातभर झाला की शेंडा खुडायचा, आणि फळ धरलं की त्याच्याखाली गवताची चुंबळ ठेवायची, म्हणजे मातीला टेकून सडत नाही. एवढंच शास्त्र. बाकी सगळा काकूंच्या तोंडाचा कारभार. त्या वेलांना शिव्या देत. सकाळी वाडग्यात गेल्या की सुरुवात होई, "काय रे ढोरा, नुसता पालाच वाढवून राह्यला. तुह्या बापानं पाला खाल्ला होता काय?" त्यांचं ठाम मत होतं की कोहळ्याला लाडाने वाढवलं की ते पाणचट होतं.

एका वर्षी झडी लागली, पंधरवडा झाला तरी ऊन नाही, आणि फुलं येत होती पण फळ धरत नव्हतं. मधमाश्या नव्हत्या, त्यामुळे नराच्या फुलातलं केसर मादीच्या फुलाला मिळत नव्हतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी पहाटे उठून नर फूल तोडायची, पाकळ्या काढायची आणि ते मादी फुलात फिरवायची. काकू दारात उभ्या राहून पाहत. "काय वं मास्तरीण, एवढ्या पहाटे कोनाचं लगन लावून राह्यली?" मी लाजले, पण करत राहिले. आठ-दहा दिवसांत फळं दिसायला लागली. मी आनंदाने त्यांना दाखवली, तर त्या म्हणाल्या, "परवा शिव्या देल्या ना म्या, मंग घाबरले." पुढे गावभर त्यांनी हेच सांगितलं. मी वाद घातला नाही. त्यांच्याशी वाद घालून कोणाचं फळ धरलं असेल असं वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. आमच्या भागात कोहळं हा घरचा थोरला लेक समजतात. म्हणून अख्ख्या कोहळ्याला बाईने पहिला चिरा मारायचा नाही. पुरुषाने सुरीने एक रेघ ओढायची, मग पुढे बाईने विळीवर बसून हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. लावणार बाई, पाणी घालणार बाई, शिजवणार बाई, आणि मधली एक रेघ तेवढी पुरुषाची. घरात पुरुष असला तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. काकूंच्या घरात पुरुष नव्हता. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नाही. वाडगं आणि घर नवऱ्याच्या वाटणीचं, कायद्याने त्यांचं. पण चिरा मारायला शेजारच्या घरातल्या धाकट्या दिराकडे जावं लागे.

आणि या गृहस्थांनी त्या एका रेघेवर सगळं घर उभं केलं होतं. गावात ते सांगत, "वैनीचं सारं मलेच पाहावं लागते. कोहळं सुद्धा मीच चिरतो." ऐकणाऱ्याला वाटावं की बिचारा भावजयीला पोसतो. काकू कोहळं घेऊन दारात गेल्या की ते लगेच उठत नसत. ओट्यावर चार माणसं बसलेली असत, त्यांच्याशी बोलणं चालू ठेवत. काकू उभ्या. मग सावकाश उठत, सुरी मागवत, तिची धार अंगठ्याने पाहत, जणू ऑपरेशनच आहे, आणि एक रेघ ओढून म्हणत, "न्या." त्यांचा डोळा वाडग्यावर होता. दोन घरांच्या मधल्या भिंतीत दरवाजा पाडायचा, मग हळूहळू ढोरं बांधायची, मग कडब्याची गंजी लावायची. भावजयीची जागा कशी गिळतात ते आपल्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही. काकूंना जगात एकच गोष्ट हवी होती. मरेपर्यंत ते वाडगं आपलं असावं, आणि त्यासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागू नये.

मला त्या म्हणायच्या, "मले लेक नाही म्हणते गाव. अन् कोहळ्याले लेक म्हणते. मंग हे एवढे वाडग्यात लोळून राह्यले, हे कोनाचे हायेत?" मी एकदा म्हटलं, काकू, तुम्हीच कापा, काही होत नाही. "तुले नाही होत," त्या म्हणाल्या. "मले होते. म्या कापलं अन् उद्या गावात कोनाचा लेक पडला आजारी, तं गाव कोनाकडे पाहीन?" त्यांना रीत पटत नव्हती. पण रीत मोडण्याचा दोष त्यांच्याच अंगाला चिकटणार हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं. विधवेच्या अंगाला काहीही लवकर चिकटतं.

कधी कधी दीर वाडग्यात डोकावत. कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, ते सडतं, असं सगळेच मानतात. दाखवायचंच तर बोट मोडून, म्हणजे दुमडून, दाखवायचं. हे गृहस्थ मात्र सरळ तर्जनी रोखून फळं मोजत. "वैनी, हे एक. हे एक. आन् थे तिकडचं..." काकू ओरडायच्या, "बोट मोडा भाऊजी, नाही तं म्या मोडतो." एकदा त्यांनी दाखवलेलं फळ खरंच सडलं. मी चिरून पाहिलं असतं तर आत फळमाशीच्या अळ्या निघाल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. पण काकूंना मी ते सांगायला गेले नाही. काही दोष योग्य माणसावरच पडलेले बरे.

पितृपक्ष आला. आमच्याकडे पितराच्या पानावर कोहळ्याची भाजी लागतेच. काकूंनी नवऱ्याच्या तिथीला गोविंदबुवा नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांना पितर म्हणून जेवायला सांगितलं होतं. पुरण वाटून झालं, वड्यांचं पीठ भिजलं, कढी झाली, बुवा आंघोळ करून पाटावर येऊन बसले. भाजीचं तेवढं राहिलं होतं. दिराला सकाळीच निरोप गेला होता आणि ते "आलोच" म्हणाले होते. ऊन डोक्यावर आलं. बुवा भुकेने डुलक्या घेऊ लागले. शेवटी काकूंनी त्या वर्षीचं सगळ्यात मोठं कोहळं उचललं, डोक्यावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "चाल मास्तरीण." मी विचारलं, मी कशाला? "साक्षीले," त्या म्हणाल्या.

ओट्यावर नेहमीची मंडळी होती. गावातले एक सावकारी थाटाचे गृहस्थ, मला खोली नाकारणारे ते कमिटीचे सभासद, आमच्याच शाळेतले एक शिक्षक, आणखी दोघं-तिघं. पंचायत समितीची निवडणूक जवळ होती आणि दीर उभे राहणार होते, त्यामुळे चहा सुरू होता. शेजारची गोदावरी तिच्या दारात धान्य निवडत होती.

"भाऊजी, चिरा मारता काय? पितर पाटावर बसून हाय."

"मारतो ना वैनी," दीर बसल्या बसल्या म्हणाले. "पहिले थे दरवाज्याचं बोलून घेऊ. आता हे सारेच बसून हायेत. भितीत दरवाजा पाडला, म्हंजे माहं येनंजानं राहीन, तुमच्या कोहळ्यावर नजर राहीन."

"नजर कायले? म्या आंधळी झाली काय?"

"तसं नाही. बाईमानसाचं घर. गाव काय म्हनते, थेही पाहा लागते."

"काय म्हनते गाव?"

"गाव म्हनते, घरात पुरुष नाही."

काकूंच्या डोक्यावर कोहळं होतं, मान ताठ होती. म्हणाल्या, "पुरुष तं तुमच्याही घरात नाही, भाऊजी. पन गाव थे म्हनत नाही."

कोणीतरी चहाचा घोट चुकीच्या ठिकाणी गेल्यासारखा खोकला. दिरांचा चेहरा उतरला, पण पाच माणसांत हसायचं असतं म्हणून ते हसले. "असं हाय काय? मंग घ्या दुसऱ्या कोनाकून मारून. बसले ना एवढे. पाहू कोन उठते."

कोणी उठलं नाही... ते दृश्य मी आजही विसरलेले नाही. धोतरं, टोप्या, मिशा, एकाच्या खिशाला फाउंटन पेन. पितर उपाशी बसला आहे हे ऐकलं होतं सगळ्यांनी. सुरीची एक रेघ ओढायची होती. सगळे आपल्या पायाची नखं पाहू लागले. आमचे शिक्षकबंधू, जे वर्गात मुलांना पराक्रमाच्या गोष्टी सांगताना टेबलावर मूठ आपटत, ते कपबशीतली साय काडीने बाजूला करत होते. माणसाचा भित्रेपणा मी पुढेही पाहिला, पण एका ओट्यावर इतका दाटीवाटीने बसलेला पुन्हा पाहिला नाही.

काकूंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "एवढे पुरुष," त्या म्हणाल्या, "अन् एका कोहळ्याले रेघ भेटत नाही." आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावरून काढून घेतले.

ओट्याच्या खाली पाय धुवायचा मोठा काळा दगड होता. कोहळं त्याच्यावर पडलं. आवाज असा झाला की गल्लीतली कुत्री उठली. त्याचे तीन तुकडे झाले, आतला केशरी गर उन्हात चमकला, आणि बियांचा एक चिकट फटकारा उडून दिरांच्या पांढऱ्या धोतरावर बसला.

काकू खाली पाहत शांतपणे म्हणाल्या, "अवं माय. पडलं."

सगळे दगडाकडे पाहत होते.

"म्या कापलं नाही बापा. सारे पाहून राह्यले ना? हात लावला काय म्या? पडलं." मग माझ्याकडे वळून, "उचल वं मास्तरीण. पितर वाट पाहून राह्यला."

मी एक तुकडा घेतला, काकूंनी दोन घेतले. गोदावरी सूप बाजूला ठेवून आली आणि तिने न सांगता बिया गोळा केल्या, धोतरावरच्या सोडून. घरी येऊन काकूंनी विळीवर फोडी केल्या, मेथ्यांची फोडणी दिली, गूळ घातला. गोविंदबुवांनी पोटभर जेवून विचारलं, "कोनं चिरलं?" काकू म्हणाल्या, "देवानं." बुवा म्हणाले, "गोड हाय." आणि पितराने गोड म्हटल्यावर विषय संपला.

गावात विषय दोन दिवसांनी सुरू झाला. दिरांनी अपशकुन झाल्याची हाकाटी केली. जाणत्या लोकांना विचारलं गेलं, बाईच्या हातून कोहळं पडलं तर काय? जाणत्यांनी पुष्कळ विचार केला. कापण्याबद्दल रीत होती, पडण्याबद्दल रीतच नव्हती. पडलेलं फळ दोषी नाही, एवढंच एकाने आठवून सांगितलं. त्याच आठवड्यात गोदावरीचं कोहळं पडलं. तिचा नवरा घरातच होता, पण तो झोपलेला होता आणि तिला भाजी लवकर टाकायची होती. मग आणखी कोणाचं पडलं. दोन-तीन वर्षांत जानेफळात कोहळी इतकी पडू लागली की चिरा मारण्यासाठी कोणी कोणाची वाट पाहीना. पुरुषांनी सुरुवातीला नाकं मुरडली, मग त्यांनाही सोयीचं वाटलं, आणि मग ते असं बोलू लागले जणू ही सवलत त्यांनीच दिली होती. बायका एकमेकींना विचारायच्या, "आज काय भाजी?" "कोहळं पडलं." काकू स्वतः मात्र दुसरीकडे कुठे पाडत नसत. त्यांचं कोहळं दर वेळी दिराच्या दगडावरच पडे. भर दुपारी, ओट्यावर मंडळी असताना. पडलं की त्या म्हणत, "अवं माय," आणि तुकडे उचलून निघून जात. दीर पंचायत समितीवर निवडून आले तेव्हाही पडलं. गुलालात.

आणि वाडग्याच्या भिंतीत दरवाजा पडला नाही. काकू होत्या तोवर नाही.

खामगावच्या एका मास्तरांशी माझं लग्न ठरलं आणि मी तिकडे गेले. निघताना मी काकूंच्या पाया पडले, मला आता आईपेक्षा... वगैरे काहीतरी बोलायला लागले, तर त्यांनी मध्येच तोडलं. "रडू नको. ट्रंक भिजन." मी थोडं कोहळ्याचं बी मागितलं. त्यांनी दिलं नाही. "खामगावात कोहळं होत नाही," त्या म्हणाल्या. "तिथले लोक विकत घेते. विकत घेनाऱ्यानं बी नेऊ नये." मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं त्यांना दिसलं, तरी दिलं नाही. त्यांनी मला पाच वर्षं सावलीत ठेवलं, माझ्याकडून कधी कशाची अपेक्षा केली नाही, माझ्यावर लोकांनी शिंतोडे उडवले तेव्हा दारात उभं राहून लोकांच्या सात पिढ्या काढल्या. पण गोड बोलणं त्यांना जमलं नाही, आणि जमवावं असंही वाटलं नाही. त्यानंतर मी दोनदा भेटून आले. शेवटच्या भेटीत त्या खाटेवर होत्या, पाय सुजलेले. मला पाहून म्हणाल्या, "लठ्ठ झाली वं. मास्तर काम करू देत नाही काय?" मला वाटतं, तो आनंद होता.

रामभाऊंकडून कळल्यावर पुढच्याच रविवारी मी जानेफळला गेले. काकूंच्या घराला कुलूप होतं. भिंतीत दरवाजा होता, ताज्या विटांचा, अजून चुना न लावलेला. वाडग्यातले वेल उपटून पत्रे टाकले होते आणि आत मिश्रखताची पोती रचलेली होती. दारावर पाटी रंगवून लावली होती, तिच्यावर काकूंचं संपूर्ण नाव, त्याच्याआधी "कै." आणि त्याच्यापुढे "कृषी भांडार". ज्या बाईने आपल्या वाडग्यात या माणसाला कधी पाय ठेवू दिला नाही, तिच्याच वाडग्यात त्याने तिच्या नावाची पाटी लावून दुकान थाटलं होतं, आणि लोक त्याला स्मारक म्हणत होते. तेरवीच्या भाषणाची हकिकत मला तिघांनी सांगितली आणि तिघांनीही कौतुकाने. वहिनी मला आईच्या ठिकाणी होत्या. त्यांच्या वेलांना मी या हातांनी पाणी घातलं. त्यांनी मला शेती शिकवली... या वाक्याला म्हणे गळा दाटून आला. कमिटीचे सभासदही बोलले. आमचे शिक्षकबंधू बोलले, त्यांनी काकूंना रणरागिणी म्हटलं. ओट्यावर नखं पाहत बसलेली सगळी माणसं मंडपात उभी राहून बोलून गेली, आणि त्यांच्यातल्या एकालाही आपण काय पाहिलं होतं ते आठवलं नाही. माणूस मेल्यावर त्याच्याबद्दल खोटं बोलणं किती सोपं असतं. तो शिवी देत नाही.

मी गोदावरीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिने चहा टाकला. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ती काम करत होती. मी तिला विचारलं, तेरवीला काय केलं होतं? पोळ्या, बुंदी, वांगं, आणि कोहळ्याची भाजी, ती म्हणाली. काकूंच्या वाडग्यातलीच कोहळी, वेल उपटताना काढलेली.

"चिरा कोणी मारला?" मी विचारलं.

"थ्यानंच. मंडपात, साऱ्या लोकाईसमोर. पाट मांडला, कोहळ्याले कुकू लावलं, धार पाहिली अंगठ्यानं, अन् मारली रेघ. लोक टाळ्या वाजवाले लागले."

काकू जिवंत होत्या तोवर, त्या दुपारनंतर, जी रेघ या माणसाला एकदाही ओढता आली नाही, ती ओढायला त्याने त्यांच्या तेराव्या दिवसापर्यंत वाट पाहिली होती. मी चहा तसाच ठेवला. गोदावरीने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

"एक चिरलं थ्यानं, बाई. सारं गाव जेवलं. एका कोहळ्यात गाव जेवते काय?"

"मग बाकीची?"

"बाकीचे कोन कापन? पडले."

"कुठे?"

"कुठी म्हंजे? तिथीच. दगडावर. साऱ्या बाया आल्या होत्या सकाळीच, एकेक घेऊन. थो आत भाषन पाठ करून राह्यला होता. आवाजानं बाहेर आला, पाह्यलं, कोनाले काही बोलला नाही, परत गेला." तिने माझ्या पुढ्यातला थंड झालेला चहा उचलला, परत गरम करायला चुलीवर ठेवला, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "थ्याच्या बायकोनं पोतं आथरून देलं होतं खाली. बी वाया जाऊ नये म्हून."